थंड उन्हाळा आणि पोचट लोंब्या: तेनमेईच्या दुष्काळात जपानच्या डोंगरी गावांत काय घडलं

जपानी भयकथांमध्ये एक गाव वरचेवर भेटतं. चहूबाजूंनी डोंगर, बर्फानं बंद झालेली खिंड, दुष्काळात माणसं खाल्ल्याचा जुना कलंक आणि त्यापायी दोन घराण्यांत पिढ्यानपिढ्या चाललेला सूड. गाव कल्पित असलं तरी त्यामागचा दुष्काळ खरा आहे. 1782 ते 1788 या काळात जपानमध्ये, मुख्यतः होन्शू बेटाच्या उत्तर टोकाकडच्या तोहोकू प्रदेशात, जो दुष्काळ पडला त्याला त्या वेळच्या कालखंडावरून ‘तेनमेईचा दुष्काळ’ म्हणतात. शोगुनच्या, म्हणजे जपानवर राज्य करणाऱ्या सेनापतीच्या, सरकारनं केलेल्या शिरगणतींत 1780 ते 1786 या सहा वर्षांत देशाची नोंदलेली लोकसंख्या 9 लाखांहून अधिक घटलेली दिसते. तोहोकूच्या उत्तरेकडच्या हिरोसाकी संस्थानात 80,000 हून जास्त माणसं गेली, म्हणजे साधारण तिघांमागे एक. शेजारच्या लहानशा हाचिनोहे संस्थानात 65,000 पैकी सुमारे 30,000 गेली.

माणसानं माणूस खाण्यापर्यंत वेळ कशी आली, हे समजून घ्यायचं तर आधी भाताच्या लोंबीपाशी जावं लागतं आणि मग संस्थानाच्या हिशेबाच्या वहीपाशी. शाप किंवा डोंगरी लोकांचा रानटीपणा यांना मध्ये आणायची गरज पडत नाही.

भात पोटरीत असताना

तोहोकूच्या पूर्व किनाऱ्यावर जून ते ऑगस्ट या काळात काही वर्षी ‘यामासे’ नावाचा वारा वाहतो. उत्तरेकडच्या ओखोत्स्क समुद्रावर हवेचा जास्त दाब ठाण मांडून बसला की तिथली गार, दमट हवा ईशान्येकडून जमिनीवर येते. धुकं, रिमझिम, सूर्यदर्शन नाही. असे चार-सहा दिवस गेले तर फारसं बिघडत नाही. आठवडेच्या आठवडे गेले की भात गेलं.

ते का जातं, हे कोकणातल्या किंवा मावळातल्या शेतकऱ्याला लगेच कळेल. लोंबी बाहेर पडण्याच्या साधारण 10 ते 14 दिवस आधी, भात पोटरीत असताना, लोंबीच्या आत परागकण तयार होत असतात. या दिवसांत तापमान सलग 17-18 अंशांपर्यंत उतरलं तर परागकण वांझ निघतात. रोप वरून हिरवंगार राहतं, वेळेवर किंवा थोडं उशिरा निसवतंही, पण दाणा भरत नाही. एरवी कापणीच्या वेळी लोंबी वजनानं वाकते. इथे ती शेवटपर्यंत ताठ उभी राहते, कारण तिच्यात नुसती पळींज, म्हणजे दाणा नसलेली पोकळ टरफलं असतात. म्हणजे पीक गेल्याचं कळतं ते थेट शरद ऋतूत. तेव्हा दुसरं काही पेरायला वेळ उरलेला नसतो आणि दोन महिन्यांवर बर्फ येऊन ठेपलेलं असतं.

आज तिथले शेतकरी नेमक्या याच दिवसांत खाचरातलं पाणी 15 ते 20 सेंटिमीटरपर्यंत चढवतात. पोटरीतली कोवळी लोंबी तेव्हा बुंध्याजवळच असते आणि हवेपेक्षा पाणी ऊबदार असतं, म्हणून ती पाण्याखाली राहिली की वाचते. अठराव्या शतकात असं करायला बांध तेवढे उंच नव्हते. भाताच्या जातीही थंडीला टिकणाऱ्या नव्हत्या, कारण भात मुळात उष्ण मुलखातलं पीक. ते इतक्या उत्तरेला रेटण्यामागे चवीपेक्षा कराचा संबंध जास्त होता.

1783 च्या या थंडीचं खापर बरेचदा ज्वालामुखीवर फोडलं जातं. मध्य जपानमधला आसामा पर्वत त्या वर्षी 5 ऑगस्टला भयंकर फुटला. त्याच्या उत्तर उतारावरचं कानबारा गाव गाडलं गेलं आणि 570 पैकी 477 माणसं मेली, हे खरं आहे. आइसलंडमधला लाकी त्याआधी जूनमध्ये फुटला होता. पण हाचिनोहेत नंतर उभारलेल्या एका शिळेवर त्या वर्षीच्या हवामानाची नोंद आहे आणि ती चांद्र पंचांगाच्या चौथ्या महिन्यातल्या यामासेपासून, म्हणजे मे महिन्यापासून सुरू होते. पाऊस आठव्या महिन्याच्या अखेरीपर्यंत थांबलाच नाही. आसामा फुटण्याआधीच उत्तरेतलं भात अडचणीत होतं. राखेनं पुढची वर्षं आणखी बिघडवली असतील, पण पहिला घाव वाऱ्याचा होता. (उत्तर भारतातला ‘चालिसा’ दुष्काळही 1783-84 चाच. त्या वर्षीच्या कमजोर पावसाचा संबंध काही हवामान-अभ्यासक लाकीशी जोडतात.)

कोठारं रिकामी कुणी केली

एका वर्षाचं पीक बुडालं म्हणून एक तृतीयांश माणसं मरत नाहीत. ती मरतात तेव्हा साठा आधीच गेलेला असतो, आणि इथे तो गेला होता. दाइम्यो, म्हणजे संस्थानिक, सारा तांदळात घ्यायचे आणि रोख पैशासाठी तो तांदूळ जहाजानं ओसाका आणि एदो (आजचं तोक्यो) इथे पाठवायचे. उत्तरेकडची संस्थानं व्यापाऱ्यांच्या कर्जात गळ्यापर्यंत बुडालेली होती आणि येणारं पीक आधीच गहाण असायचं. आदली सुगी बेताचीच होऊनही हिरोसाकीचा तांदूळ बाहेर जात राहिला. 1783 च्या उन्हाळ्यात शेतात भात हिरवंच उभं दिसत असताना आओमोरी बंदरात लोकांनी दंगा केला. त्यांची मागणी एवढीच होती की धान्य बाहेर नेऊ नका.

हाचिनोहेची गोष्ट वेगळी आणि मला जास्त शिकवून जाणारी वाटते. तिथे भात कमी, डोंगरउतार जास्त. एदोच्या बाजारात सोयाबीनला भाव मिळू लागला तसं संस्थानानं सोयाबीन लावायला लावलं. त्यासाठी रान जाळून शेतं काढली गेली, आपल्याकडच्या कुमरी शेतीसारखीच. चार-पाच पिकांनंतर जमीन पडीक टाकायची आणि पुढचा तुकडा जाळायचा. पडीक जमिनीवर वाराबी नावाचा नेचा आणि कुझूचे वेल माजले. दोन्हींची मुळं पिठूळ असतात आणि रानडुकरांना ती फार आवडतात. डुकरं वाढली, शेतांत घुसली आणि 1749 साली थंडी व डुकरं मिळून तिथे दुष्काळ पडला. ‘रानडुकरांचा दुष्काळ’ म्हणूनच तो ओळखला जातो आणि त्यात सुमारे 3,000 माणसं गेल्याचं सांगतात. वाराबी आणि कुझूची मुळं हेच तर गरिबाचं शेवटचं अन्न होतं. ते खणायला माणूस रानात गेला तेव्हा डुकरं आधीच येऊन गेलेली होती.

1783 मध्ये यात आणखी एक गोष्ट मिसळली. टंचाईची चाहूल लागताच प्रत्येक संस्थानानं आपल्या सीमा आणि बंदरं धान्यासाठी बंद केली. प्रत्येक दाइम्योच्या दृष्टीनं तो शहाणपणा होता. सगळ्यांनी मिळून तो केल्यावर मात्र डोंगरापलीकडे धान्य असूनही अलीकडे माणसं मरू लागली.

बर्फ पडण्याआधीचे दोन महिने

एकाकी डोंगरी गावाचं खरं उदाहरण हवं असेल तर ते थोडं दक्षिणेला, आजच्या नागानो आणि निइगाता प्रांतांच्या हद्दीवर आहे. अकियामा-गो ही तिथली खोल दरी, तिच्यात विखुरलेल्या वाड्या, हिवाळ्यात माणसापेक्षा उंच बर्फ. सुझुकी बोकुशी नावाचा एक कापडव्यापारी 1828 मध्ये ती पाहून आला आणि त्यानं तपशीलवार टिपणं लिहिली. या वाड्यांत भात जवळजवळ नव्हतंच. जाळलेल्या उतारांवर राळा आणि ‘हिए’ व्हायचं. हिए म्हणजे आपल्या सावा-वरईच्या कुळातलं तृणधान्य, थंडीला चिवट आणि टरफलासकट ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकणारं. तरीही तेनमेईच्या दुष्काळात ओआकियामा ही आठ घरांची वाडी समूळ संपली. बोकुशी गेला तेव्हा आमाझाके नावाच्या वाडीत दोन घरं उभी होती. 1830 च्या दशकातल्या तेनपो दुष्काळात तीही गेली.

अशा गावाचं जगणं रानातल्या अन्नावर ठरायचं, पण ते अन्न नुसतं तोडून तोंडात टाकता येत नाही. तोची नावाच्या रानझाडाचं उदाहरण घ्या. त्याची तपकिरी, गरगरीत बी चांगली भरीव असते, पण तिच्यात रिठ्यासारखं सॅपोनिन असतं. आधी ती वाळवायची, मग भिजवून साल सोलायची, मग वाहत्या पाण्यात काही दिवस ठेवायची. त्यानंतर लाकडाच्या राखेसोबत शिजवून राखेच्या लगद्यात एक-दोन दिवस मुरवायची आणि पुन्हा धुवायची. राख कमी पडली तर कडवटपणा जात नाही आणि पोट बिघडतं. जास्त झाली तर गर विरघळून वाहून जातो. ओकाच्या फळांतलं टॅनिन काढायलाही राखेचं पाणी बदलत पुन्हापुन्हा उकळावं लागतं.

वाराबीचं काम तर अंगमेहनतीचंच. जमिनीखालची जाड मुळं खणायची, धुवायची, दगडावर मोगरीनं चेचायची, लाकडी डोणीत पाण्यानं खळबळून गाळायची आणि रात्रभर निवळू द्यायची. सकाळी वरचं पाणी ओतलं की तळाला पांढरं सत्त्व मिळतं, त्यावर एक करडा, हलका थर. अडचणीच्या वर्षी तो करडा थरही खायचे. दिवसभराच्या खणण्यातून हाती येतं ते जेमतेम, आणि जमीन गोठली की तेही बंद.

इथेच गाडं अडतं. या प्रत्येक कृतीला सरपण, पाणी, दिवस आणि अंगात ताकद लागते. पीक गेल्याचं कळायचं सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात बर्फ. ज्यांनी लगेच मुळं खणायला घेतली त्यांना थोडीफार संधी होती. भुकेनं हातपाय गळाल्यावर माणूस धुणं-मुरवणं टाळतो, कच्चंच खातो, हगवण लागते आणि उरलेली ताकदही जाते. त्यात मीठ. डोंगरात मीठ बाहेरून यायचं आणि ते धान्य देऊन घ्यायचं. धान्य नाही म्हणून मीठ नाही, मीठ नाही म्हणून मिसो, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेलं खारट वाटण, नाही. मग बिनमिठाचा पाला खाऊन दिवस काढायचे.

शोगुनच्या सरकारनं त्या वर्षी पेंढ्याच्या लाडवाची कृती गावोगाव धाडली. पेंढा अर्धा दिवस भिजवा, चिखल धुऊन काढा, बारीक चिरा, वाफवा, वाळवा, भाजा आणि दळा. या पिठाच्या 1 शो मापाला (सुमारे 1.8 लिटर) तांदळाचं पीठ 2 गो (360 मिलिलिटर) घालून गोळे करा, शिजवा, मीठ किंवा मिसो लावून खा. कृती अगदी नेटकी आहे. पण माणसाला पेंढ्यातला सेल्युलोज पचत नाही. त्या गोळ्यात अन्न म्हणायचं तर तांदळाचं पीठच, आणि गावात नेमकं तेच नव्हतं.

माणूस खाल्ल्याचे पुरावे

उत्तरेतल्या शेतकऱ्याचा घोडा त्याच्याच छपराखाली राहायचा. म्हणून घोडे खाल्ल्याची आठवण तिथल्या लोकांना जवळजवळ नरभक्षणाइतकीच लाजिरवाणी वाटायची. घोड्यांनंतर कुत्री, कोंबड्या. त्यापुढच्या गोष्टींचे पुरावे तीन प्रकारचे आहेत आणि तिन्हींना सारखं वजन देता येत नाही.

सगळ्यात भक्कम पुरावा सुगाए मासुमी या प्रवाशाचा. 1785 मध्ये तो त्सुगारूमधून, म्हणजे हिरोसाकी संस्थानातून चालला होता. एका गावाबाहेर गवतात माणसांची हाडं आणि कवट्या बर्फाच्या ढिगासारख्या पसरलेल्या त्याला दिसल्या. वाटेत भेटलेल्या गावकऱ्यानं सांगितलं की ही 1783 च्या हिवाळ्यापासून पुढच्या वसंतापर्यंत उपाशी मेलेली माणसं. घोडे कसे मारले, मग कुत्री-कोंबड्या कशा संपल्या आणि शेवटी साथीनं मरायला टेकलेली आपलीच मुलं-भावंडं काहींनी कशी खाल्ली, हे त्या माणसानं क्रमानं सांगितलं. ज्यांनी खाल्लं त्यांना पकडून संस्थानानं मृत्युदंड दिला, हेही त्यातच आहे. ही साक्ष ऐकीव असली तरी जगून उरलेल्याच्या तोंडची आहे, दोन वर्षांच्या आतली आहे आणि हाडं लिहिणाऱ्यानं स्वतः पाहिलेली आहेत. त्याच माणसानं असंही सांगितलं की मानवी मांस खाणाऱ्याचे डोळे लांडग्यासारखे चमकतात. ती लोकसमजूत म्हणूनच वाचायची, पण गावात कुणाकडे कुठल्या नजरेनं पाहिलं जात होतं ते तिच्यातून नेमकं कळतं.

दुसरा पुरावा सुगिता गेनपाकु यांचा. पाश्चात्त्य शरीरशास्त्राचा ग्रंथ जपानीत आणणारे हे नामवंत वैद्य. मेलेल्यांचं मांस पाला मिसळून कुत्र्याचं म्हणून विकलं जात होतं, असं त्यांनी लिहून ठेवलं. पण ते एदोत बसून ऐकलेलं आहे, शेकडो किलोमीटर दूर. भयकथा बहुधा अशाच नोंदी उचलतात. मी हा पुरावा दुय्यम मानतो.

तिसरा पुरावा दगडाचा. हाचिनोहेतल्या ताइसेन-इन देवळात 1785 साली भूकबळींसाठी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे आणि त्याच्याशेजारी एक शिळा. यामासेची नोंद वर आली ती याच शिळेवरची. किती मेले आणि पुढच्यांनी काय काळजी घ्यावी, हेही तिच्यावर कोरलंय. मजकुराचा एक तुकडा मात्र छिन्नीनं खरवडून टाकलेला आहे. माणसानं माणूस खाल्ल्याचा उल्लेख तिथे असावा, असं स्थानिक लोक मानतात.

हे सगळं एकत्र धरलं तर नरभक्षण घडलं यात मला शंका वाटत नाही. ते बहुतांशी आधीच मेलेल्यांचं किंवा मरू घातलेल्यांचं आणि बरेचदा घरातल्या घरात घडलं. भयकथेत दिसते तशी माणसांची शिकार करणारी गावं यात कुठे सापडत नाहीत.

सूड: कायद्यातला आणि गावातला

घराण्याचा सूड हा भाग कथांत सगळ्यात जास्त रंगवला जातो आणि तिथेच त्या इतिहासापासून सगळ्यात दूर जातात. एदो काळात, म्हणजे एदोतून शोगुन राज्य करत असताना, सूड घेणं ही परवान्याची बाब होती. तो वडीलधाऱ्याच्या खुनासाठीच घेता यायचा: बाप, आई, थोरला भाऊ, धनी. मुलगा, बायको किंवा धाकटा भाऊ मारला गेला तर परवानगी नव्हती. आधी आपल्या मालकाकडे अर्ज, मग अधिकाऱ्यांच्या वहीत नोंद, मग शोध. सूड पुरा झाल्यावर उलट सूड घ्यायला बंदी होती, म्हणजे पिढ्यानपिढ्या चालणारं वैर कायद्यानंच तोडलेलं होतं. 7 फेब्रुवारी 1873 रोजी शोगुननंतर आलेल्या, सम्राटाच्या मेइजी सरकारनं ही प्रथाच बंद केली. गावागावांतल्या मारामाऱ्या तर त्याच्याही बऱ्याच आधी दडपल्या गेल्या होत्या. 1592 साली सेत्सु प्रांतात पाण्यावरून लढलेल्या गावांतल्या 83 जणांना तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या राजवटीनं ठार केलं.

गावाच्या हातात उरली ती शिक्षा. दुष्काळात सगळ्यात मोठा गुन्हा अन्नाच्या चोरीचा, कारण एका घरातलं बियाणं चोरीला जाणं म्हणजे ते घर पुढच्या वर्षी नसणं. चोर सापडला नाही तर कित्येक गावांत चिठ्ठ्या टाकून तो ‘निवडत’. देवाची शपथ घेऊन प्रत्येकानं आपल्याला संशय असलेलं नाव लिहायचं, आणि ज्याच्या नावाच्या चिठ्ठ्या जास्त त्याला शिक्षा, बहुधा हद्दपारी. चटईत गुंडाळून नदीत फेकून देण्याची बेकायदा पद्धतही माहीत असलेली होती. शिवाय पाच-पाच घरांचे गट असत आणि एकाच्या गुन्ह्याला पाचही जबाबदार धरले जात, त्यामुळे शेजारीच आधी शेजाऱ्यावर नजर ठेवायचा.

आता वीस घरांचं गाव डोळ्यांपुढे आणा. त्यातली बारा घरं एकाच थोरल्या घराच्या शाखा आहेत. कोठार थोरल्या घराकडे, कर्जाच्या चिठ्ठ्याही त्यांच्याकडेच. चिठ्ठ्या टाकल्या तर नाव कुणाचं निघेल? हे माझं अनुमान आहे, पण घराण्यांतलं वैर इथून उगवत असणार, तलवारीतून नव्हे. वाळीत टाकलेल्या घराला गावाच्या सामाईक रानात जाता येत नसे. सरपण बंद, गवत बंद, तोची आणि वाराबी बंद. चांगल्या वर्षी ती मानहानी ठरे. 1783 च्या हिवाळ्यात त्याचा अर्थ त्या घरातले सगळे मरणार, एवढाच होता, आणि त्यासाठी कुणाला हात उचलावा लागत नव्हता.

ज्यांनी वाचवलं

1784 च्या वसंतात बर्फ वितळलं आणि अशक्त माणसांत साथी पसरल्या. बियाणं खाऊन झालेलं, घोडे संपलेले, त्यामुळे बरी हवा असूनही शेतं ओस राहिली. पण त्याच थंडीत सगळीकडे सारखी माणसं मेली नाहीत. शिराकावाचे दाइम्यो मात्सुदाइरा सादानोबु यांनी वेळेत बाहेरून धान्य विकत आणलं आणि आपल्याकडे भूकबळी गेले नाहीत असा त्यांच्या संस्थानाचा दावा होता. पुढे शोगुनचे मुख्य मंत्री झाल्यावर त्यांनी हुकूम काढला की प्रत्येक संस्थानानं दर 10,000 कोकू (एक कोकू म्हणजे सुमारे 180 लिटर धान्य) उत्पन्नामागे वर्षाला 50 कोकू धान्य, सलग पाच वर्षं, साठ्यात टाकायचं. योनेझावा संस्थानानं 1802 मध्ये सुमारे 80 रानवनस्पती कशा ओळखाव्या, कडवटपणा कसा काढावा, मिसो कसा साठवावा याचं पुस्तक छापलं आणि 1,575 प्रती गावोगाव वाटल्या. राखेचं पाणी आणि मुरवण्याचे दिवस त्यात आहेत, आणि ते लोकांच्या हाती पडलं दुष्काळ नसताना, अंगात ताकद असताना.

यामासे थांबलेला नाही. 1993 च्या उन्हाळ्यात तो असाच वाहिला. सरासरी पीक 100 धरलं तर जपानभरात भात 74 वर आलं आणि आओमोरी प्रांतात 28 वर. म्हणजे जुन्या हिरोसाकी आणि हाचिनोहेच्या मुलखात पुन्हा जवळजवळ तीन चतुर्थांश पीक बुडालं. सरकारनं थायलंड, चीन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातून सुमारे 26 लाख टन तांदूळ आणला आणि कुणीही उपाशी मेलं नाही. दुकानांत लोकांची तक्रार होती ती लांब दाण्याच्या तांदळाच्या चवीबद्दल. दोन वर्षांनी, 1995 च्या नव्या अन्न कायद्यात, सरकारी तांदूळसाठ्याची तरतूद झाली.